यांच्या गळ्यात माळ, आणि मुलाने काढली वाइन टूर

'ताई, आम्ही निफाड तालुक्यातले. घरची द्राक्षबाग आहे, आता पुतण्या बघतो. मुलगा नऊ वर्षं झाली ऑस्ट्रेलियात पर्थला आहे. येत्या ऑक्टोबरात त्याने आम्हाला बोलावलंय. तिथून खाली मार्गारेट रिव्हर म्हणून भाग आहे, तिथली तीन दिवसांची कोच टूर काढून देतो म्हणतो. समुद्र, जंगल, गुहा, दीपगृह आणि वायनऱ्या. गाइड असतो, आरामात फिरवतात म्हणे. मला जायचंय. आजवर मी समुद्र दोनदाच पाहिला, दोन्ही वेळा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर आणि घाईत.

ह्यांनी ऐकल्या ऐकल्या सांगितलं, माझ्या गळ्यात माळ आहे, मी तसल्या ठिकाणी पाऊल ठेवणार नाही. मुलगा म्हणतो, पिऊ नका, नुसतं बघा. हे म्हणतात, बघायचं काय त्यात, द्राक्ष जन्मभर बघितली. २००६ साली आम्ही दीड एकरात वाइनची द्राक्षं लावली होती. तिसऱ्या वर्षी वायनरीने माल उचलला नाही, मग बाग तोडली. तेव्हापासून घरात तो विषय नाही.

मुलगा बरोबर येणार नाही, रजा नाही म्हणतो. मला कधी कधी वाटतं, आम्हाला बसमध्ये बसवून तो मोकळा होतोय. माझे गुडघे दुखतात, इंग्रजी जेमतेम. हे आलेच नाहीत तर मी एकटी गेलेली बरी दिसेल का?'

ताई,

जा. पण ऑक्टोबरात नको.

तारखेचं आधी सांगते, कारण तुमच्या घरातलं निम्मं भांडण मला तिथेच दिसतंय. निफाडच्या बागायतदाराला ऑक्टोबरात परदेशी चला म्हणणं म्हणजे ऐन लग्नसराईत आचाऱ्याला तीर्थयात्रेला बोलावणं. फळासाठीची गोडी छाटणी, काडीच्या डोळ्यांना फुटव्याची पेस्ट, कोवळी फूट, डाउनी या बुरशीची धास्ती आणि वर परतीचा पाऊस. बाग पुतण्या बघतो हे खरं, पण त्या दिवसांत तुमचे यजमान महासागरासमोर उभे राहूनही फोनवर 'आभाळ कसंय?' एवढंच विचारतील. मुलाचंही चुकलेलं नाही. त्याच्याकडे ऑक्टोबर म्हणजे वसंत, रानफुलं, किनाऱ्याजवळ आलेले देवमासे. त्याने तिकडचं कॅलेंडर बघितलं, इकडचं विसरला.

मी म्हणेन मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य. तोवर तुमचा माल उतरलेला असतो. माल उतरल्यानंतरची खरड छाटणी आलेली असते, पण तिला पुतण्या पुरेसा आहे, तिच्यात पावसाचा जुगार नसतो. आणि मुख्य म्हणजे तिकडे तेव्हा काढणी चालू असते. फेब्रुवारीत शार्डने या पांढऱ्या द्राक्षापासून सुरुवात होते, आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉं हे काळं द्राक्ष एप्रिलपर्यंत वेलीवर असतं. रिकाम्या वेली बघायला कोण बागायतदार येईल? भरलेली बाग असली तर गोष्ट वेगळी. फक्त ईस्टरचे चार दिवस टाळा, तेव्हा निम्मं पर्थ तिकडेच गेलेलं असतं. देवमासे मात्र त्या दिवसांत दिसणार नाहीत. ते जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचं प्रकरण.

आता माळ.

तुमच्या पत्रातलं २००६ सालचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही ते मध्येच, जाता जाता लिहिलंय, आणि पुढे 'तेव्हापासून घरात तो विषय नाही' म्हणून मिटवलंय. मला वाटतं माळ हे खरं कारण आहे, पण एकटं नाही. त्या वर्षांत नाशिक जिल्ह्यात अनेकांनी करारावर वाइनची द्राक्षं लावली. २००८-०९ च्या मंदीत खप घसरला, वायनऱ्यांच्या टाक्या भरून राहिल्या आणि कित्येकांच्या बागांवर कुऱ्हाड आली. तुमचं घर त्यातलंच. खायचं थॉमसन द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा येतो, तोही नाही आला तर बेदाणा होतो. वाइनचं द्राक्ष बियांचं, बारीक मण्यांचं, जाड सालीचं. वायनरीने पाठ फिरवली की ते कुणाचंच नाही. हातगाडीवरसुद्धा जात नाही. तीन वर्षं पोरासारखी वाढवलेली बाग ज्या माणसाने स्वतःच्या हाताने तोडली, त्याला आता म्हणायचं, चला, काचेच्या खोलीत बसून त्याच द्राक्षाचं कौतुक ऐकू. मीही नाही म्हणाले असते. आणि माझ्या गळ्यात माळ नाही.

माझा अंदाज चुकीचाही असेल, तुम्ही त्यांना चाळीस वर्षं ओळखता. पण बरोबर असेल तर 'पिऊ नका, नुसतं बघा' हे मुलाचं वाक्य पुन्हा कुणी उच्चारू नये. आणि माळेवर वाद तर अजिबातच घालू नये. काय खायचं-प्यायचं हे माळेने ठरवलंय, कुठल्या दारात उभं राहायचं हे त्यांचं ते ठरवतील. त्यात मुलाने, तुम्ही किंवा मी पडायचं कारण नाही.

त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, एवढंच विचारा: 'अहो, तिकडे म्हणे वर्षातून एकदाच छाटणी करतात. असं कसं?' आणि गप्प बसा.

उत्तर त्यांना अर्धं ठाऊक असेलच. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलला एकदा आणि ऑक्टोबरला एकदा कात्री चालवतो, तेव्हा कुठे एक पीक पदरात पडतं. तिकडे थंडीत पानगळ होते, वेल आपोआप निजते, हिवाळ्यात एकदा छाटली की सप्टेंबरात आपली आपण फुटते. डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावायला नको. आणि पाऊस! वर्षाला साधारण हजार मिलिमीटर, पण बहुतेक मे ते सप्टेंबरच्या थंडीत, वेल झोपलेली असताना. मणी भरायच्या दिवसांत कोरडं आभाळ. काही जुन्या बागा तर ठिबकाशिवाय, जमिनीतल्या ओलीवर पिकतात. हे वाचून तुमचे यजमान काय म्हणतील ते मला इथे बसून ऐकू येतंय. 'मग त्यांना येतं काय अवघड?'

येतं ना. पाखरं येतात. सिल्व्हरआय म्हणून चिमणीहूनही लहान पक्षी आहे, तो थव्याने उतरतो आणि मण्याला टोचा मारून जातो. तिथल्या बागांवर जाळ्या असतात त्या त्याच्यासाठी. पण खरी गंमत जाळीची नाही, झाडाची आहे. मॅरी नावाचं एक रानटी झाड तिथे बांधाबांधावर उभं असतं, निलगिरीच्या गोतातलं. ते द्राक्ष पिकायच्या सुमारास पांढरट फुलांनी लगडतं. ज्या वर्षी मॅरी भरभरून फुलली, त्या वर्षी पाखरं मधावर जातात आणि द्राक्ष वाचतं. ज्या वर्षी रुसली, त्या वर्षी पाखरं बागेत. तिकडचे लोक काढणीच्या आधी द्राक्षाकडे जेवढं बघतात तेवढंच त्या झाडाकडे बघतात.

मी गेले होते तेव्हा मार्च होता. बहीण पर्थला असते. एका बागेच्या कडेला आमची बस थांबली आणि गाइडने जाळी थोडी वर उचलून शार्डनेचा एक घड दाखवला. मी मुंबईत वाढलेली, मला द्राक्षातलं काय कळणार, पण तो घड मलासुद्धा नापास वाटला. एका देठावर बोराएवढा मणी, त्याच्या शेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा, मग पुन्हा मोठा. नाशिकचा एक्सपोर्टवाला असा घड कात्रीने काढून जमिनीवर टाकेल. गाइड मात्र तो असा धरून उभा होता, जणू घरातलं लाडकं पोर. तिथली जिंजिन नावाची शार्डनेची जात आहे, तिची फळधारणा अशीच वेडीवाकडी होते, त्यात फुलोऱ्यात समुद्राचा वारा लागला की आणखी. माल कमी निघतो. पण बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त आणि चव दाट, म्हणून तोच घड त्यांना प्यारा. मोठ्या-बारीक मण्यांच्या त्या घडाला ते 'कोंबडी आणि पिल्लं' म्हणतात.

हे तुमच्या यजमानांना तुम्ही सांगू नका. ते त्यांना तिथे दिसू द्या.

आणखी एक सांगते, तेही ऐकण्यासारखं आहे. हा भाग काही पिढ्यान्‌पिढ्यांचा द्राक्षवाला नाही. साठ वर्षांपूर्वी तिथे गाईगुरं, इमारती लाकूड आणि गरिबी होती. १९६५ च्या सुमारास जॉन ग्लॅडस्टोन्स नावाच्या शेतीशास्त्रज्ञाने तिथलं हवामान आणि माती तपासून लिहिलं, की इथे चांगलं द्राक्ष होईल. मग टॉम कलिटी नावाच्या पर्थच्या हृदयरोगतज्ज्ञाने १९६७ मध्ये पहिली व्यावसायिक बाग लावली, वास फेलिक्स. त्याच्या मागोमाग आणखी दोन डॉक्टर आले, बिल पॅनेल आणि केव्हिन कलन. म्हणजे आठवडाभर पेशंट तपासायचे आणि सुट्टीला येऊन वेली बांधायच्या. कलिटीचं सुरुवातीचं पीक पाखरांनी आणि सडीने नेलं. त्यावर त्याने ससाणा आणला, पाखरांना धाक बसावा म्हणून. पहिल्यांदा मोकळा सोडला तेव्हा ससाणा जो उडाला तो परत आलाच नाही. तो ससाणा आजही त्यांच्या बाटलीवरच्या चित्रात आहे. आपल्याकडे अशी फजिती झाली असती तर आपण कुणाला सांगितलीही नसती.

पायाखालची माती तर आपलीच वाटते. लोहयुक्त, तांबडी, खड्यांची, पाणी न धरणारी. कोकणातल्या जांभ्याची भाऊबंद.

आता टूरचं बघू, कारण 'आरामात' हा शब्द प्रत्येक टूरवाला वापरतो आणि प्रत्येकाचा आराम वेगळा.

पर्थहून मार्गारेट रिव्हर साधारण २७० किलोमीटर. मी केली ती चूक तुम्ही करू नका. मी एका दिवसाची टूर घेतली होती. उजाडता निघालो, रात्री उशिरा परतलो, मध्ये चार वायनऱ्या, एक चॉकलेटचं दुकान आणि दुपारी अडीचला जेवण. शाकाहारी म्हणून आधी कळवलं होतं तरी ताटात मासा आला, आणि मी नको म्हटल्यावर त्यांनी तो नुसता उचलून बाजूला ठेवला. उरलेल्या पानांवर मी दिवस काढला. समुद्र मला मिळाला बारा मिनिटं. मी घड्याळ लावून बसले होते, कारण गाइडने पंधरा सांगितली होती.

तुमची टूर तीन दिवसांची आहे, हे चांगलं. तरी पैसे भरायच्या आधी मुलाला कार्यक्रमपत्रिका पाठवायला सांगा आणि ती हातात पेन घेऊन वाचा. दोन्ही रात्री मुक्काम एकाच हॉटेलात हवा. रोज बॅग बांधणं-सोडणं यातच म्हातारपण कळतं. दिवसाला दोनपेक्षा जास्त वायनऱ्या असतील तर ती टूर पिणाऱ्यांची आहे, तुमची नव्हे. जेवणाला एक ते सव्वा तास दिलेला हवा. आणि किनाऱ्यावरच्या थांब्याला 'फोटो स्टॉप' लिहिलं असेल तर समजा, दहा मिनिटं. तुम्हाला 'दीड तास' असं लिहिलेलं हवं. समुद्रासाठीच चाललाय ना तुम्ही.

गुडघ्यांचं असं आहे. तिकडे चुनखडीच्या गुहा भरपूर आणि प्रत्येक टूरमध्ये एक तरी असतेच. लेक केव्ह फार देखणी म्हणतात, पण तिला तीनशेच्या वर पायऱ्या. ती तुमच्यासाठी नाही. मॅमथ केव्हमध्ये पहिलं दालन पायऱ्यांशिवाय बघता येतं, व्हीलचेअरसुद्धा जाते. तेवढं बघून आल्या वाटेने परत फिरायचं, पलीकडच्या टोकाला पायऱ्याच पायऱ्या आहेत. केप लूइनचं दीपगृह १८९६ पासून उभं आहे, ३९ मीटर उंच, वर जायला १७६ पायऱ्या. वर नका जाऊ. खाली बसा. तिथे हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर भेटतात असं मानतात. पाण्यावर काही रेघ मारलेली नाही, पण वारा असा की पदर खोचून घ्यावा लागतो. खडकावर लाटा दोन दिशांनी येऊन आपटतात, ते मात्र अगदी डोळ्यांनी दिसतं.

बसलटनला लाकडी धक्का आहे, समुद्रात १८४१ मीटर गेलेला. जवळजवळ दोन किलोमीटर. बांधायला १८६५ साली घेतला, जहाजं लागावीत म्हणून, कारण तिथला समुद्र फार उथळ. आता जहाजं नाहीत, पण धक्क्यावरून छोटी आगगाडी धावते. तिचं तिकीट काढा आणि टोकापर्यंत जा. टोकाला समुद्राच्या पोटात आठ मीटर खाली उतरून काचेतून मासे बघायची सोय आहे. तिथे लिफ्ट चालू आहे का, हे मुलाला फोन करून विचारायला सांगा. नसेल तर वर धक्क्यावर बसा, तेही वाईट नाही. तो किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य आपल्या कोकणासारखा अगदी समोर नाही, डाव्या हाताला उतरतो.

आणि बोरानपचं जंगल. कॅरीची झाडं, साठ-साठ मीटर उंच, साल गुळगुळीत आणि फिकट गुलाबी. हे जंगल एकदा लाकडासाठी सगळं तोडलं गेलं होतं, आज दिसतं ते शंभर वर्षांत पुन्हा उगवलेलं. बस तिथून सावकाश जाते. तिथे झोपू नका.

गावांच्या नावांचं एक गंमत म्हणून. बोरानप, कॉवारमप अशी पुष्कळ नावं 'अप'वर संपतात. तिथल्या मूळच्या नूंगर लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ जागा, ठिकाण. आपलं वाडी-गाव-खेड तसंच. कॉवारमपचं नाव खरं तर एका पोपटावरून पडलंय, पण इंग्रजीत त्यात 'काऊ' ऐकू येतं म्हणून त्या लोकांनी गावभर फायबरच्या खऱ्याखुऱ्या मापाच्या गाई उभ्या केल्यात. तुमच्या यजमानांनी एकीच्याही पाठीवरून हात फिरवला नाही तर मला कळवा.

वायनरीत नेमकं काय होतं तेही सांगते, म्हणजे धसका राहणार नाही. तिला ते 'सेलर डोअर' म्हणतात. दुकान, गोदाम आणि ओसरी यांचं मिश्रण. लांबट टेबलामागे एक मुलगी उभी असते, ती तीस-तीस मिलिलिटरचे चार-पाच घोट ओतते, लोक वास घेतात, चाखतात, बरेच जण शेजारच्या भांड्यात थुंकतातही. होय, थुंकतात, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. नको असेल तर ग्लासावर तळहात ठेवायचा आणि 'नो, थँक यू' म्हणायचं. संपलं. आपल्याकडच्या पंगतीसारखा आग्रह तिथे नसतो, 'एक घोटभर तरी' कुणी म्हणत नाही. गाडी चालवणारे, गरोदर बायका, औषधं चालू असलेले, असे न पिणारे प्रत्येक बसमध्ये असतात. चीजची ताटली आली तर विचारून घ्या, कारण काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजवलेलं असतं. माळकऱ्याच्या तोंडात ते नकळत जाऊ नये. मुलाला इंग्रजीत एका जाड कागदावर लिहून द्यायला सांगा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दारू नाही, दूध-दही चालतं. तो कागद पर्समध्ये ठेवा आणि प्रत्येक जेवणाला पुढे करा. माझ्याकडे तो नव्हता.

यजमानांना टेबलाजवळ यायचंच नसेल तर बसमध्ये बसवून ठेवू नका. मुलाने टूरवाल्याला आधी एक ओळ लिहावी: वडील चाळीस वर्षं द्राक्ष पिकवतात, चाखायचं नाही, पण काढणी आणि बाग बघायला आवडेल, कुणी दाखवू शकेल का. गाइडला असा प्रवासी मिळणं म्हणजे सण. एकट्याने ओळींत मात्र शिरू द्यायचं नाही. वेलीची मुळं खाणारी फायलोक्सेरा नावाची कीड अजून त्या राज्यात पोचलेली नाही, म्हणून तिथे बहुतेक वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, आपल्यासारखं डॉगरिजच्या खुंटावर कलम लागत नाही. ही कीड बुटांच्या मातीतून येते. त्यामुळे कुणाही परक्याच्या बुटांकडे ते संशयाने बघतात.

मुलाबद्दल. 'मोकळा होतोय' हे तुम्ही लिहिलंत, मला तसं वाटत नाही, पण वाटणं खोटं नसतं. तिकडे कोच टूरला आपल्यासारखा 'म्हाताऱ्यांना धाडून दिलं' असा वास नाही. रक्तात दारूचं प्रमाण ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त झालं की गाडी चालवता येत नाही आणि रस्त्यात पोलीस कुणालाही थांबवून नळीत फुंकायला लावतात. म्हणून धडधाकट तरुण मंडळीही वायनऱ्या बसनेच फिरतात. त्याला तुम्हाला सगळ्यात चांगली गोष्ट द्यायची असेल आणि त्याच्या डोळ्यांसमोर हीच आली असेल. तरी त्याच्याकडे मागा. मोघम 'तू का नाही येत' नको. असं म्हणा: 'तिसऱ्या दिवशी बसलटनला ये. आम्ही तिथेच बसमधून उतरतो, तुझ्या गाडीतून घरी जाऊ.' पर्थहून ते २२० किलोमीटर, अडीच तास. तिसरा दिवस शनिवार येईल अशी टूर धरायची, म्हणजे रजेचा प्रश्न उरत नाही. धक्क्यावरच्या आगगाडीत तो शेजारी बसला की तुमचं अर्धं समाधान तिथेच होईल, आणि यजमानांना त्याच्याशी २००६ बद्दल काही बोलायचं असेल तर दोन किलोमीटर समुद्रासारखी जागा नाही. बोलायचं नसेल तर मासे आहेतच.

शेवटचं, तुमचं. हे आले नाहीत तर एकटीने जायचं का?

जायचं. 'बरं दिसेल का' हे निफाडमध्ये कोण विचारणार आहे ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे. त्यांना सांगायचं, मुलाने समुद्र दाखवायला नेलं. खोटं काहीच नाही त्यात. ठरल्या वेळी माणसं मोजूनच बस हलवणारा गाइड, ठरलेली जागा, ठरलेलं हॉटेल; परक्या मुलखात एकट्या बाईला याहून सुरक्षित फिरणं शोधून सापडणार नाही. ह्यांना रागावून जाऊ नका आणि त्यांची समजूत काढत महिनाही घालवू नका. त्यांना पर्थला मुलाच्या घरी ठेवा, तीन दिवस. तुम्ही परत येऊन त्या वेड्यावाकड्या घडाचा फोटो दाखवा. मला वाटतं, ते चष्मा शोधतील.

सामानात घरचे पेढे, बर्फी, बिया, रोपं काही नको. मेतकूट-चकली नेणार असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर खायचं आहे म्हणून लिहा आणि उतरल्यावर पिशवी उघडून दाखवा. लपवलं तर जबर दंड होतो, दाखवलं तर फार तर ठेवून घेतात. येताना एखादी काडी खिशात घालून आणायचा मोह ह्यांना होईल. बागायतदाराला होतोच. ते दोन्ही देशांत चालत नाही, आधीच बजावून ठेवा. बागेतले बूट नेणार असाल तर तळवे ब्रशने घासून, धुऊन, वाळवून न्या. त्याच कार्डावर एक प्रश्न असतो, गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होता का. घाबरून 'नाही'वर खूण करू नका. दोघांच्याही कार्डावर 'हो' लिहा.